शब्दचर्चा: प्रतिक्रिया, प्रतिसाद, अभिप्राय, परीक्षण

विचारणा:
नवा टॅबलेट किंवा डेस्कटॉप जाहीर झाला की त्याच रात्री मराठी बातम्यांत हे चारही शब्द एकमेकांच्या जागी वापरलेले दिसतात. 'संमिश्र प्रतिसाद', 'वापरकर्त्यांचे अभिप्राय', 'सविस्तर परीक्षण'. यंत्र तर अजून दुकानातही आलेले नसते. मी संगणकविषयक मजकूर लिहिते, म्हणून विचारते: वस्तू हाती येण्याआधी लोक जे बोलतात त्याला काय म्हणावे?

उत्तर:
प्रतिक्रिया. दुसरा शब्द शोधायची गरज नाही. काहीतरी पाहिले, ऐकले, आणि मनात लगेच जे उमटले ती प्रतिक्रिया. म्हणून ती 'उमटते'. अभिप्राय उमटत नाही. तो 'देतात', 'नोंदवतात'. प्रदर्शनाच्या दाराशी अभिप्रायाची वही असते ती बाहेर पडण्याच्या दाराशी, आत येण्याच्या नव्हे.

उत्तर:
वरच्याशी सहमत, पण या चारांत सर्वांत जास्त हाल होतात ते 'प्रतिसादा'चे, म्हणून त्यावर जरा सविस्तर.

प्रतिसादात 'साद' आहे. कोणीतरी हाक घातली आणि समोरून ओ आली, तर तो प्रतिसाद. सभेला प्रतिसाद म्हणजे लोक आले. बंदला प्रतिसाद म्हणजे दुकाने बंद राहिली. नुसते बरे-वाईट बोलणे म्हणजे प्रतिसाद नव्हे, काहीतरी करावे लागते. विक्रीच्या वस्तूला प्रतिसाद म्हणजे खरेदी.

अ‍ॅपल कंपनीच्या पहिल्या आयपॅडचे, म्हणजे तिच्या टॅबलेटचे, उदाहरण घ्या. 27 जानेवारी 2010 रोजी स्टीव्ह जॉब्स यांनी तो सॅन फ्रान्सिस्कोत सादर केला. त्यानंतर जे बोलले गेले त्यात नाराजी बरीच होती: हा तर मोठा केलेला आयपॉड टच (अ‍ॅपलचाच खिशात मावणारा गाणी वाजवणारा संच), कॅमेरा नाही, फ्लॅश (संकेतस्थळांवरच्या चित्रफिती आणि खेळ चालवणारी प्रणाली) चालत नाही, यूएसबीची खाच नाही. नावाचीही टिंगल झाली. या सगळ्या प्रतिक्रिया. अमेरिकेत विक्री सुरू झाली 3 एप्रिलला, आणि पहिल्याच दिवशी तीन लाखांहून अधिक आयपॅड विकले गेले. पुढे 80 दिवसांत तीस लाख. हा प्रतिसाद. प्रतिक्रिया थंड आणि प्रतिसाद जोरदार, दोन्ही एकाच वस्तूबद्दल खरे आहे. दोन्हीकडे एकच शब्द वापरला तर ही गोष्ट मराठीत सांगताच येणार नाही. म्हणून घोषणेच्या संध्याकाळचा 'संमिश्र प्रतिसाद' मला खटकतो. अजून काही विकायलाच काढलेले नाही, तर प्रतिसाद कशाला?

उत्तर:
यावरून प्रतिक्रिया म्हणजे उथळ आणि अभिप्राय म्हणजे भारदस्त, असा समज मात्र होऊ नये.

ऑक्टोबर 2012 मध्ये अ‍ॅपलने आयपॅड मिनी आणि कडेला जेमतेम 5 मिलिमीटर जाडीचा आयमॅक हा डेस्कटॉप यांच्याबरोबर चौथ्या पिढीचा आयपॅडही जाहीर केला. तिसऱ्या पिढीचा त्याच वर्षी मार्चमध्ये आला होता. ज्यांनी तो नुकता घेतला होता ते चिडले. त्या रागाला नवा आयपॅड हातात धरून पाहण्याची काय गरज? तारखा पुरेशा होत्या. किंमत, तारीख, काय वगळले, या गोष्टींवरची प्रतिक्रिया घोषणेच्या क्षणीच पूर्ण असते. 1998 च्या मे महिन्यात पहिला आयमॅक फ्लॉपीच्या (तेव्हा माहिती साठवायला वापरायच्या चकतीच्या) खाचेविना दाखवला गेला, तेव्हा लोक त्या नसलेल्या खाचेबद्दलच बोलले, आणि ऑगस्टमध्ये तो दुकानात आला तेव्हाही खाच नव्हतीच.

वजन, पकड, आवाज, रोजची सोय यांचे तसे नाही. ऑक्टोबर 2024 मधल्या मॅक मिनीचे, म्हणजे अ‍ॅपलच्या छोट्या डेस्कटॉपचे, चालू करायचे बटण यंत्राच्या बुडाशी, मागच्या कोपऱ्यात गेले. चित्र पाहून बरेच जण वैतागले: दर वेळी यंत्र उचलायचे का? पण यंत्र लहान झाले होते, पाच इंच लांब-रुंद. बोट खाली सरकवले की पुरते. शिवाय अनेक जण असा संगणक बंद करतच नाहीत, झोपवून (स्लीप मोडमध्ये) ठेवतात. बटण कितपत अडते, हे ज्याने महिनाभर वापरले तोच सांगू शकतो. त्याने सांगितले की तो अभिप्राय.

विचारणा करणारी:
मग परीक्षण?

उत्तर:
परीक्षणात निकष हवेत आणि ते सर्वांना सारखे लावलेले हवेत. बॅटरी किती तास टिकली, चित्रफितीचे संपादन किती मिनिटांत झाले, आधीच्या यंत्राशी तुलना काय. कंपनीने दिलेल्या आकड्यांची यादी म्हणजे परीक्षण नव्हे, ती माहिती. वाचक परीक्षणावर विसंबून पन्नास-साठ हजार रुपये खर्च करतो. नुसती माहिती परीक्षण म्हणून दिली तर त्याला फसवल्यासारखे होते, म्हणून हा भेद पाळलाच पाहिजे.

समारंभानंतर पत्रकारांना दहा-पंधरा मिनिटे यंत्र हाताळायला मिळते, त्यावरून लिहिलेल्या मजकुरासाठी आपल्याकडे छान शब्द आहे: 'प्रथमदर्शनी'. 'प्रथमदर्शनी मत' म्हटले की मर्यादाही कळते.

उत्तर:
'शेरा' विसरू नका. एका ओळीचे मत म्हणजे शेरा. फाइलीवर मारतात तो. 'महाग आहे', 'जुन्यात काय वाईट होते?', हे शेरे. 'शेरेबाजी' म्हटले की मात्र त्यात नापसंती येते, तेव्हा जपून.

उत्तर:
क्रियापदांकडेही पाहावे. 'जाहीर झाला', 'सादर केला' एक. 'बाजारात आला', 'दाखल झाला' वेगळे. पहिला आयपॅड भारतात अधिकृतपणे दाखल झाला तो जानेवारी 2011 मध्ये, म्हणजे सादर झाल्यावर वर्षाने. 'अनावरण' पुतळ्याचे, कोनशिलेचे. संगणकाला 'सादर' पुरे.

विचारणा करणारी:
आभार. एक राहिले. आगाऊ नोंदणी घोषणेच्या दिवशीच सुरू होते, तेव्हा यंत्र कोणी पाहिलेले नसते. तिला काय म्हणू?

उत्तर:
पैसे भरले ना? मग प्रतिसाद. 'आगाऊ नोंदणीला चांगला प्रतिसाद' बिनधास्त लिहा. त्या ग्राहकाला यंत्र कसे वाटले ते मात्र लिहू नका. त्याचा अभिप्राय खोके घरी आल्यावर.