अनुभव धागा: विमानतळावरची शांत खोली

नाशिककरांनो, विमानतळावर प्रार्थनेसाठी किंवा नुसतं गप्प बसायला ठेवलेली खोली कधी वापरलीत का? आपल्या ओझर विमानतळावरून उडणाऱ्याला तिची गरज पडत नाही. मुंबईहून लांब जाणाऱ्यांनी लिहा. सुरुवात मी करते.

बाबा गेले तेव्हा मी टोरांटोत होते. भावाला म्हटलं, माझ्यासाठी थांबू नका. ॲमस्टरडॅमला स्किपोलवर पाच तास काढायचे होते आणि नेमकं तेव्हाच नाशिकला अमरधाम स्मशानभूमीत सगळं चाललं होतं. गेटपाशी बसून फोनवर ते बघायचा धीर होईना. शेजारचं पोरगं चिप्स खात होतं. पाट्या बघत वरच्या मजल्यावरच्या ध्यानकेंद्रात गेले. १९७५ पासूनचं आहे ते, कुठल्याही धर्माच्या माणसाला खुलं. कोपऱ्यात एक जण नमाज पढत होता, म्हणून आवाज बंद करून व्हिडिओ कॉल घेतला. भावाने खांद्यावरचं मडकं मागे टाकलं, ते फुटलेलं मला ऐकू आलं नाही. तो माणूस उठला, माझ्याकडे न बघता बाहेर गेला आणि दार वाजू नये म्हणून हाताने धरून लोटलं. दहाव्याला रामकुंडावर पोहोचले मी. पण माझ्यापुरते बाबा त्या खोलीत गेले.

सातपूर : दुबईला सहा वर्षं काढली. तिकडे बायकांची खोली वेगळी, पुरुषांची वेगळी, वजूसाठी, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुवायला, नळ. माझा मालेगावचा जोडीदार आत जायचा, मी दोघांच्या बॅगा राखत बाहेर बाकावर हरिपाठ म्हणायचो. मला कुणी हटकलं नाही, पण आत जाऊन बसायचं कधी सुचलंही नाही. आता वाचून वाटतंय, बसायला हवं होतं.

गंगापूर रोड : एवढं हळवं व्हायला नको. एका विमानतळावर (नाव घेत नाही) पाटीमागून पाटी शोधत वीस मिनिटं चाललो. सापडली तर आत पोछ्याची बादली आणि रचून ठेवलेल्या खुर्च्या.

इगतपुरी : सॅन फ्रान्सिस्कोला चक्क योगाची खोली आहे, २०१२ पासून. बूट काढा, बोलू नका. इथल्या धम्मगिरीला विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरं केलीत, म्हटलं हे आपलंच घर. श्वासावर लक्ष ठेवलं आणि गाढ झोपलो. शेजारच्या बाईंनी हलवून उठवलं, घोरत होतो.

नाशिकरोड : बोस्टनच्या लोगनवर १९५१ चं चॅपल आहे, मुळात तिथल्या कामगारांसाठी काढलेलं. मी गेले तेव्हा गणवेशातली एक बाई मागच्या बाकावर डोळे मिटून बसली होती. आमच्या बाळ येशूच्या यात्रेत ढकलाढकलीत प्रार्थना करायची सवय, त्या शांततेत मला शब्दच आठवेनात.

ओझर : मी विमानात बसलेलो नाही, गाडी चालवतो. नाशिक ते मुंबई विमानतळ. पोराला परदेशी सोडून आलेले आईबाप परतीला मागे बसतात, तेव्हा गाणी बंद ठेवतो. समृद्धी महामार्गाने आता कसारा घाट टळतो, पण तासभर कुणी बोलत नाही. मग घोटीच्या आसपास बाई विचारतात, “दादा, चहा कुठे चांगला मिळेल?” तेव्हा काका खिशातून रुमाल काढतात.