फ्यूज किती अँपिअरचा? १० चा उडतो, २० चा टिकतो पण वायर तापते

रात्रप्रवासी:
१२ व्होल्टची गाडी. बॅटरीवरून १ चौरस मिमीची एकच वायर पुढे आणली आहे. तिच्यावर ३६ वॅटचे दोन एलईडी लाइट, ५-५ अँपिअरचे दोन हॉर्न आणि ३० वॅटचा यूएसबी चार्जर. १० चा फ्यूज होता. लाइट चालू असताना हॉर्न जरा जास्त वेळ दाबला की उडायचा. २० चा टाकल्यापासून उडत नाही, पण वायर हाताला कोमट लागते. हाच ठेवू की १५ वर येऊ?

तांब्याची_तार:
भाऊ, २० चा आजच काढा. फ्यूज राखण करतो ती वायरची, आणि इंजिनजवळच्या उष्णतेत १ चौरस मिमीला १० च्या वर फ्यूज देऊ नये. दीडला १५, अडीचला २०, चारला ३०. हे आकडे हात राखून धरलेत. चांगली ऑटो वायर याहून जास्त करंट झेपवते, पण जुडग्यात बांधली की तिची उष्णता बाहेर पडत नाही.

तुमचा हिशेब: लाइट ७२ वॅट भागिले १२, म्हणजे ६ अँपिअर. हॉर्न १०. चार्जर ३० वॅट देताना आत साधारण ३५ वॅट घेतो, म्हणजे ३. एकूण १९. त्यामुळे १० चा उडत होता ते बरोबरच होतं. २० चा मात्र १९ वर कधीच उडणार नाही. ब्लेड फ्यूज (गाडीतला दोन पात्यांचा फ्यूज) रेटिंगच्या १३५ टक्क्यांवर, म्हणजे इथे २७ अँपिअरवरही, १० मिनिटांपर्यंत तग धरू शकतो. तेवढ्या वेळात तुमच्या वायरचं इन्सुलेशन मऊ पडून शेजारच्या वायरीला चिकटेल.

तीन वाटा वेगळ्या करा. चालू लोडला सव्वाने गुणायचं आणि वरचा फ्यूज घ्यायचा. लाइटचे साडेसात येतात, अगदी काठावर, म्हणून १० (लाल). आहे तीच वायर चालेल. हॉर्नचे साडेबारा, म्हणून १५ (निळा) आणि दीडची वायर. चार्जरला ५ आणि पाऊणची वायर पुरे. तिन्हींसाठी छोटा फ्यूजबॉक्स, त्याला बॅटरीवरून ४ चौरस मिमीची वायर, आणि बॅटरीपासून १५-२० सेंमीच्या आत ३० चा मुख्य फ्यूज. फ्यूजच्या अलीकडच्या, बॅटरीकडच्या तुकड्याला कसलंच संरक्षण नसतं. तो पत्र्याला घासला तर बॅटरीचा सगळा जोर त्याच्यातून जातो.

रिले_८७:
वरचं सगळं मान्य. भर एवढीच: हॉर्न आणि लाइट दोन्ही रिलेवर घ्या, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचवर. फ्यूजमधून आलेली वायर रिलेच्या ३० नंबरच्या पिनला, ८७ नंबरवरून हॉर्नला. ८५-८६ ही कॉइल, तिला पाव अँपिअरही लागत नाही, म्हणून स्विचची वायर बारीक चालते. वायर घेताना टोक खरवडून बघा. आत पांढरा धातू दिसला तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची आहे. तिला वरचे आकडे लागू नाहीत.

रात्रप्रवासी:
धन्यवाद दोघांनाही. फ्यूज काढला तर होल्डरचं प्लास्टिक एका बाजूला वितळलेलं दिसलं, फ्यूज मात्र शाबूत. हे कसं?

तांब्याची_तार:
ढिल्या पकडीमुळे. फ्यूजला कळतो तो करंट. होल्डरच्या पातीत किंवा क्रिंपमध्ये (वायरवर दाबून बसवलेल्या जोडात) ०.०५ ओहम जरी रोध आला, तरी लाइट आणि हॉर्नच्या १६ अँपिअरला त्या एका ठिपक्यावर जवळजवळ १३ वॅट उष्णता होते. करंट मात्र वाढत नाही, उलट किंचित घटतो. मग फ्यूज कशाला उडेल?

होल्डर टाकून द्या, जळक्या पात्या पुन्हा आवळून धरत नाहीत. नवीन घेताना त्याच्या शेपटीची वायर बघा. होल्डरवर ३० छापलेलं असतं आणि वायर १ चौरस मिमीची निघते! क्रिंप त्यासाठीच्या खास पकडीनेच करा, साध्या पक्कडीने चेपू नका, आणि मग जोरात ओढून बघा. शेवटी लाइट चालू ठेवून मल्टिमीटर मिलिव्होल्टवर लावा, एक टोक होल्डरच्या आत येणाऱ्या वायरवर, दुसरं बाहेर जाणाऱ्या वायरवर. ६ अँपिअरला १०० मिलिव्होल्टच्या वर दाखवलं तर क्रिंप पुन्हा करा.