साठच्या दशकातलं ब्रिटिश बीट संगीत: मोनोच खरं, की स्टिरिओलाही जागा आहे?

तबकडीप्रेमी (धागाकर्ता)

बीटल्स, सर्चर्स, किंक्स, ॲनिमल्स, द हू ही सगळी मंडळी निदान १९६७ पर्यंत तरी मोनोतच (सगळा आवाज एकाच वाहिनीत) ऐकावीत, असं माझं ठाम मत आहे. त्या काळी स्टिरिओ (डावी-उजवीकडे वेगवेगळा आवाज) हे मागाहून उरकायचं काम होतं.

बीटल्सची 'प्लीज प्लीज मी' ही एलपी, म्हणजे मोठी तबकडी, घ्या. ११ फेब्रुवारी १९६३ ला लंडनमधल्या ॲबी रोडच्या दोन नंबरच्या स्टुडिओत एका दिवसात तिच्यातली दहा गाणी ध्वनिमुद्रित झाली. मशीन दोन ट्रॅकचं होतं: एकावर वाद्यं, दुसऱ्यावर गळे. हे ट्रॅक वेगळे ठेवले ते नंतर मोनो करताना दोन्हींचा तोल नीट जमवता यावा म्हणून. स्टिरिओ एलपी काढायची वेळ आली तेव्हा तेच दोन ट्रॅक डावी-उजवीकडे मांडून दिले. त्यामुळे हेडफोनवर ड्रम, बेस, गिटार डाव्या कानात आणि गाणारे उजव्या कानात. बीट म्हणजे चौघांनी मिळून मारलेली एक थाप. ती दोन कानांत वाटली की तिचा जोरच जातो.

त्यातच 'प्लीज प्लीज मी' गाण्याच्या स्टिरिओत शेवटच्या कडव्यात गायक जॉन लेनन शब्द चुकतो आणि पुढे हसू दाबत गातो. मोनोत ती चूक नाही. लक्ष कुठल्या आवृत्तीवर होतं ते यावरून कळतं. रेडिओ कॅरोलाइन हे जहाजावरचं खासगी केंद्र १९६४ पासून मध्यम लहरींवर वाजवत होतं ते मोनो, आणि दुकानातून घरी यायचं ते सिंगलही (एका-एका गाण्याची छोटी तबकडी) मोनो. ब्रिटनमध्ये बीटल्सचं पहिलं स्टिरिओ सिंगल थेट मे १९६९ मध्ये आलं.

चारट्रॅक

१९६३ च्या पहिल्या दोन एलपींबद्दल वादच नाही. पण तुम्ही सरसकट १९६७ पर्यंत ओढलंत, ते पटत नाही.

ऑक्टोबर १९६३ मध्ये 'आय वाँट टू होल्ड युअर हँड' चार ट्रॅकवर झालं आणि चित्र पालटलं. 'अ हार्ड डेज नाइट'च्या स्टिरिओत आवाज मधोमध आहे आणि वाद्यांना आजूबाजूला श्वास घ्यायला जागा आहे. बारा तारांची रिकनबॅकर ही इलेक्ट्रिक गिटार आणि साधी अकूस्टिक गिटार एकाच पट्टीत वाजतात तेव्हा मोनोत एकीखाली दुसरी झाकली जाते. बाजू वेगळ्या केल्या की बीटल्सचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसन याचा हात कुठे आहे ते कळतं. बीट वाजवायला शिकणाऱ्याला हे ऐकू येणं फार मोलाचं आहे.

सुई-खाच

दोघांनाही एक विनंती: 'मोनो' म्हणजे काय ऐकताय ते आधी तपासा. स्टिरिओ तबकडी लावून ॲम्प्लिफायरचं मोनो बटण दाबलं, तर मिळतो तो घडी घातलेला स्टिरिओ. मोनो मिक्स, म्हणजे मूळ ट्रॅकचा तोल मोनोसाठीच जुळवून केलेली आवृत्ती, ही वेगळी गोष्ट. घडी घालताना मधोमध असलेला आवाज आहे तसा राहतो आणि एका बाजूला टाकलेली वाद्यं मागे सरकतात. म्हणून 'अ हार्ड डेज नाइट'ची घडी घातली की गिटार फिकी पडते आणि लोक मोनोला नावं ठेवतात.

बीटल्सच्या तबकड्या काढणाऱ्या ब्रिटिश पार्लोफोनची एलपी ओळखायची खूण: क्रमांक पीएमसीने सुरू झाला तर मोनो, पीसीएसने झाला तर स्टिरिओ. लेबलशेजारच्या कोऱ्या पट्टीत कोरलेलं एक्सईएक्स म्हणजे मोनो, वायईएक्स म्हणजे स्टिरिओ. कव्हर बदललेलं असू शकतं, म्हणून कोरलेल्या अक्षरांवर भरवसा ठेवा. 'रबर सोल'च्या मोनोवर एक्सईएक्स ५७९-१ आणि ५८०-१ दिसलं, तर ती सुरुवातीची जोरकस कापलेली (खाच कोरताना आवाज मोठा ठेवलेली) प्रत. सुई उडेल या धास्तीने पुढची कापणी सौम्य केली गेली.

आता वाजवणं. मोनो तबकडीच्या खाचेत संगीत फक्त आडव्या हालचालीत असतं. स्टिरिओ कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) उभी हालचालही वाचतं, आणि तिथे निव्वळ धूळ आणि ओरखडे असतात. दोन्ही बाजू जोडल्या की हा उभा गोंगाट आपोआप कटतो. म्हणजे मोनो तबकडीला मोनो बटण हवंच.

बटण नसेल तर दोन वाय-जोडण्या घ्या. एकीने टर्नटेबलच्या डाव्या-उजव्या तारा एक करा, दुसरीने त्या पुन्हा दोन करून फोनो प्रीॲम्पला (सुईचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या यंत्राला) द्या. हे फक्त कार्ट्रिज आणि प्रीॲम्प यांच्या मध्ये. सीडी प्लेअर किंवा प्रीॲम्पची दोन आउटपुट थेट एकमेकांना जोडू नका, कारण ती एकमेकांवर भार टाकतात आणि आवाज फाटतो. तिथे प्रत्येक बाजूला किमान एक किलोओहमचा रेझिस्टर घालूनच जोडा.

सुई नीट उभी आहे का ते बघायचं असेल तर मोनो तबकडी लावून एका चॅनेलची तार उलटी करा आणि मग दोन्ही चॅनेल एकत्र करा. संगीत जवळजवळ नाहीसं व्हायला हवं. गाणं स्पष्ट ऐकू येत असेल तर कार्ट्रिज एका कुशीवर कललंय. आवाज कमीत कमी होईपर्यंत केसभर फिरवत राहा.

व्हॉक्सवाला

मी तबकडीप्रेमींच्या बाजूने, आणि बीटल्सच्या पलीकडचे पुरावे देतो.

किंक्सचं 'यू रिअली गॉट मी', १९६४. त्यांचा गिटारवादक डेव्ह डेव्हिसने छोट्या एल्पिको ॲम्पच्या स्पीकरचा कागद ब्लेडने चिरला आणि त्याचं आउटपुट व्हॉक्स एसी-३० या मोठ्या ॲम्पमध्ये घातलं. एसी-३० म्हणजे चार ईएल-८४ व्हॉल्व्ह (आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या) आणि बारा इंची दोन स्पीकर. त्या फाटक्या आवाजाची सगळी ताकद तो ड्रमवर येऊन आदळतो त्यात आहे.

हनीकोम्ब्जचं 'हॅव आय द राइट', तेही १९६४ चंच. निर्माता जो मीकने लंडनच्या हॉलोवे रोडवरच्या ३०४ नंबरच्या घरात मंडळींना लाकडी जिन्यावर पाय आपटायला लावले आणि सायकलच्या क्लिपांनी कठड्याला मायक्रोफोन अडकवले. ती धमक मोनोसाठीच बनवलेली आहे.

आणि सर्वांत ठोस: द हूची 'माय जनरेशन' एलपी, डिसेंबर १९६५. गिटारवादक पीट टाउनशेंडची काही गिटार मोनो मिक्स उतरवतानाच वर वाजवली गेली. मूळ टेपवर ती नाहीच. म्हणून २००२ मध्ये मूळ निर्माता शेल टाल्मीने स्टिरिओ केलं तेव्हा शीर्षकगीतातली ती गिटार गायब होती. ज्या आवृत्तीत अख्खी गिटारच नाही, ती कितीही ऐसपैस असली तरी अपुरीच.

चारट्रॅक

'माय जनरेशन'चा मुद्दा बिनतोड आहे, मानलं. नंतर टाउनशेंडने ते तुकडे स्वतः पुन्हा वाजवून स्टिरिओ पुरं केलं, पण ते वाजवणं १९६५ चं नव्हे.

तरी दुसरी बाजू सोडत नाही. बीटल्सच्या 'रिव्हॉल्व्हर'मधल्या 'टॅक्समन'च्या १९६६ च्या स्टिरिओत ड्रम, बेस, गिटार सगळं डावीकडे कोंबलेलं होतं, कारण ते एकाच ट्रॅकवर होतं. २०२२ मध्ये संगणकाने ती वाद्यं सोडवली आणि निर्माता जाइल्स मार्टिनने ड्रम, बेस, गिटार आपापल्या जागी बसवले. बेस आणि पायाचा ड्रम कसे एकमेकांना धरून चालतात, हे त्यात जितकं स्वच्छ कळतं तितकं मोनोत कळत नाही.

फोर्टकर

मुंबईचा धागा राहिला. बीटल्सच्या 'दि इनर लाइट' गाण्याचं वाद्यसंगीत हॅरिसनने जानेवारी १९६८ मध्ये इथल्या एचएमव्ही स्टुडिओत, दोन ट्रॅकच्या मशीनवर, हरिप्रसाद चौरसिया, आशिष खाँ अशा वादकांना घेऊन मुद्रित केलं. गळा फेब्रुवारीत ॲबी रोडवर चढवला. मार्चमध्ये 'लेडी मडोना'च्या मागच्या बाजूला ते आलं ते मोनोत. स्टिरिओ मिक्स झालं थेट जानेवारी १९७० मध्ये. त्यामुळे १९६८ मध्ये लोकांनी ऐकलेलं गाणं हवं असेल तर इथेही मोनोच.

तबकडीप्रेमी

चारट्रॅक, 'टॅक्समन'चं नवं मिक्स सुरेख आहे, त्यात दुमत नाही. पण ते २०२२ च्या कानांनी केलेलं आहे. 'रिव्हॉल्व्हर'चं मोनो मिक्स होताना बीटल्सचं लक्ष होतं, आणि मला त्यांचा निर्णय ऐकायचा आहे. 'अ हार्ड डेज नाइट'पुरतं मात्र तुमचं मान्य. तिथे मधोमध आवाज असलेला स्टिरिओ चांगला आहे आणि मी 'सरसकट' म्हणायला नको होतं.

चारट्रॅक

मग हेडफोनवाल्यांसाठी मधला मार्ग सांगतो. 'रबर सोल'च्या जुन्या स्टिरिओत आवाज पुन्हा उजवीकडे आहे. प्लेअरमध्ये क्रॉसफीड असेल तर ७०० हर्ट्झच्या खालचा आवाज थोडासा पलीकडच्या कानात जाऊ द्या. स्पीकरवर ऐकताना जसा एका बाजूचा आवाज दोन्ही कानांना लागतो, तसं होतं. फार वाढवलंत तर घडी घातल्यासारखंच ऐकू येईल आणि झांजा मंद होतील.

सुई-खाच

आणि स्पीकरवर ऐकणाऱ्यांनी मोनो तबकडी एकाच स्पीकरवर लावून बघा, दुसऱ्याची तार काढून. तार काढण्याआधी ॲम्प बंद करा. व्हॉल्व्हचा असेल तर तार काढूच नका, बॅलन्सचं बटण पूर्ण एका बाजूला फिरवा. आउटपुटला स्पीकर नसताना व्हॉल्व्ह ॲम्प जोरात चालवला की ट्रान्सफॉर्मर जळतो.