फाटकावरचा फ्लेक्स आणि टोकियोचा आठवा क्रमांक
(सोसायटी ग्रुप, १९ सप्टेंबर २०२५)

देशपांडे, बी ३०२ : सर्व सभासदांना सादर नमस्कार. मुलांच्या क्रीडा महोत्सवाचा जो फ्लेक्स सांस्कृतिक समितीने फाटकावर लावला आहे, त्यावर भालाफेकपटू नीरज चोप्रा यांचे भले मोठे छायाचित्र आहे. काल टोकियोच्या जागतिक स्पर्धेत त्यांची सर्वोत्तम फेक ८४.०३ मीटर होती आणि पाचव्या फेरीनंतर ते बाहेर पडले. रविवारपूर्वी छायाचित्र बदलावे, ही नम्र विनंती.

साने, समिती : देशपांडे काका, हा फ्लेक्स छापण्यापूर्वी याच ग्रुपवर टाकला होता आणि त्याला पहिला अंगठा आपलाच होता. वर सरकवून पाहावे.

देशपांडे, बी ३०२ : अंगठा मांडणीला दिला होता. पॅरिस ऑलिंपिकमध्ये याच गृहस्थांच्या सहापैकी पाच फेकी बाद झाल्या होत्या, हेही विसरू नये.

कदम, ए ५०१ : देशपांडे साहेब, मी फौजेत होतो म्हणून थोडे सविस्तर लिहितो, रागावू नये. पानिपत जिल्ह्यातल्या खांद्रा गावचा हा मुलगा वजन कमी करण्यासाठी शिवाजी स्टेडियमवर जाऊ लागला आणि तिथे त्याच्या हाती भाला आला. २०१६ मध्ये पोलंडला वीस वर्षांखालील जागतिक स्पर्धेत त्याने ८६.४८ मीटर फेकून त्या वयोगटाचा विश्वविक्रम केला, आणि तरीही त्याला रिओ ऑलिंपिकला जाता आले नाही, कारण ८३ मीटरची पात्रता गाठण्याची मुदत ११ जुलैला संपली होती आणि ही फेक २३ जुलैची. त्याच वर्षी सेनेने त्याला नायब सुभेदार म्हणून घेतले. आपल्या पुण्यातल्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमधल्या स्टेडियमला २०२१ पासून त्याचे नाव आहे. तिथला फलक कुणी उतरवलेला नाही.

भोसले, सी ४०३ : पानिपतचा म्हणजे आपलाच माणूस! १७६१ नंतर तिकडे राहिलेल्या मराठ्यांचे वंशज आहेत ते.

साने, समिती : भोसले दादा, नीरजच्या रोड समाजातील अनेक जण तसे सांगतात आणि अभ्यासकांत त्यावर मतभेद आहेत. सदाशिवरावभाऊंना आज विश्रांती द्यावी.

भोसले, सी ४०३ : पदक आले की आपला, आठवा आला की मतभेद. चालू द्या.

देशपांडे, बी ३०२ : पुन्हा नम्रपणे लिहितो : पॅरिस, सहापैकी पाच फेकी बाद.

ऋजुता, सी २०४ : काका, तुम्ही हे दोनदा लिहिलेत म्हणून उत्तर देते. पॅरिसला नीरजच्या दुसऱ्या प्रयत्नाआधीच पाकिस्तानच्या अर्शद नदीमने ९२.९७ मीटर फेकून ऑलिंपिक विक्रम केला होता. नीरजने ८९.४५ मीटर फेकल्यावर रौप्याची जागा झाली, आणि त्यापुढे सुवर्णासाठी आयुष्यातली सर्वांत लांब फेक, तीही तीन मीटरहून जास्त फरकाने, काढावी लागणार होती. अशा वेळी माणूस जीव तोडून धावतो. भाला सुटण्याआधी पुढचा पाय रोवायचा असतो आणि सुटल्यावर उरलेला वेग रेषेच्या आतच थांबवायचा असतो, आणि नीरज तर फेकीनंतर दोन्ही हातांवर कोसळतो, त्यामुळे रेषा ओलांडून फेक बाद व्हायला फार काही लागत नाही. शिवाय फेक कमी पडली की खेळाडू कित्येकदा मुद्दाम रेषेवर पाय टाकतात. जांघेच्या दुखण्याचे भय तेव्हा मनात होते, हे त्याने स्वतः सांगितले आहे.

देशपांडे, बी ३०२ : कारणे प्रत्येकाकडे असतात. एका जर्मनाने १०४ मीटर फेकल्याचे मी वाचले आहे. हे ९० मीटरसाठी २०२५ पर्यंत थांबले, आणि दोहाला ९०.२३ मीटर फेकूनही दुसरेच आले.

ऋजुता, सी २०४ : उवे होन, १९८४, १०४.८० मीटर. तो जुना भाला होता. मैदान अपुरे पडू लागल्यामुळे १९८६ मध्ये पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य पुढे सरकवला, तेव्हापासून भाला लवकर नाक खाली घालतो. आजच्या भाल्याचा विक्रम यान झेलेझनीचा, ९८.४८ मीटर, १९९६ चा. होनने काही काळ नीरजला शिकवले आहे आणि २०२५ मध्ये झेलेझनीने शिकवले, तेव्हा दोन्ही आकडे त्याला आपल्यापेक्षा बरे ठाऊक असावेत.

सचिव : कृपया वैयक्तिक रोख टाळावा.

ऋजुता, सी २०४ : क्षमस्व. मी फिजिओ आहे, म्हणून मला त्याची पदके जेवढी दिसतात तेवढेच त्याचे कोपर दिसते. मे २०१९ मध्ये मुंबईत त्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली, ते वर्ष वाया गेले, आणि जानेवारी २०२० मध्ये दक्षिण आफ्रिकेत ८७.८६ मीटर फेकून त्याने टोकियो ऑलिंपिकची पात्रता मिळवली. पुढे ७ ऑगस्ट २०२१ चे ऑलिंपिक सुवर्णाचे ८७.५८, बुडापेस्टच्या जागतिक सुवर्णाचे ८८.१७ सगळ्यांना पाठ आहे, पण २०२४ च्या ब्रुसेल्समधील डायमंड लीग या स्पर्धामालिकेच्या अंतिम फेरीत डाव्या हाताचे हाड मोडलेले असताना तो एका सेंटिमीटरने दुसरा आला, हे फ्लेक्सवर कुणी छापत नाही. २०२१ च्या मध्यापासून कालपर्यंत सलग २६ स्पर्धांत तो पहिला किंवा दुसरा होता. काल पाठीच्या दुखण्यासह उतरला आणि ती साखळी तुटली. आठशे ग्रॅमचा भाला दिसायला हलका असतो. खांदा, कोपर आणि कंबर दरवेळी त्याची किंमत मोजतात.

कदम, ए ५०१ : कालच्याच स्पर्धेत अर्शद दहावा आला. सुवर्ण त्रिनिदादच्या केशॉर्न वॉलकॉटने नेले, ज्याचे ऑलिंपिक सुवर्ण २०१२ चे होते. मधल्या तेरा वर्षांत त्यालाही कुणीतरी संपला म्हटले असेलच.

भोसले, सी ४०३ : आणि आपला सचिन यादव ८६.२७ फेकून चौथा आला, त्याचे कुणाला काहीच नाही! त्याचा फोटो लावा.

देशपांडे, बी ३०२ : माझेही हेच म्हणणे आहे की छायाचित्र बदलावे.

साने, समिती : काका, आपले म्हणणे ‘हेच’ नव्हते. असो.

पाटील, ए १०३ : मला एकच विचारायचे आहे. महिनाभर बागेत मुले पडद्याचे गज भाले म्हणून फेकत आहेत आणि माझी मोगऱ्याची कुंडी फुटली. हे कोणाच्या प्रेरणेने चालले आहे, ते सगळ्यांना माहीत आहे.

देशपांडे, बी ३०२ : माझ्या नातवाकडे रोख असेल तर स्पष्ट लिहावे.

पाटील, ए १०३ : मी नाव घेतलेले नाही.

ऋजुता, सी २०४ : गज फेकणे थांबवायलाच हवे, कुंडीसाठीही आणि कोपरासाठीही. त्या वयात हाडांची टोके कच्ची असतात; नुसत्या हाताने झटका देऊन फेकले की कोपराच्या आतल्या बाजूला दुखू लागते. रविवारी मी अर्धा तास आधी येईन आणि धावून पाय रोवायला शिकवीन. देशपांडे काका, नातवाला अवश्य पाठवा.

देशपांडे, बी ३०२ : पाठवतो. त्याच्या खोलीत हेच छायाचित्र आहे, हे मला मान्य आहे.

सचिव : निर्णय असा की फ्लेक्स आहे तसाच राहील आणि शेजारी सचिन यादव यांचे लहान छायाचित्र समिती लावील. स्पर्धेत फक्त फोमचे भाले वापरले जातील. फेकीची दिशा बागेकडून दक्षिणेकडील भिंतीकडे ठेवली आहे.

पाटील, ए १०३ : दक्षिणेला माझ्या स्वयंपाकघराची खिडकी आहे.