आधी बदनामी, मग अटक

कुणाची बदनामी झाली तर तिला कोर्टात उत्तर देता येतं, असं म्हटलं जातं. कागदावर ते ठीक. पण क्रम बघा. वकील आणि कामगार कार्यकर्त्या ॲड. सुधा भारद्वाज यांचे माओवाद्यांशी संबंध दाखवणारं, त्यांच्या नावाचं कथित पत्र जुलै २०१८ मध्ये एका वृत्तवाहिनीवर झळकलं. ते बनावट असल्याचं त्यांनी लगेच सांगितलं. भीमा कोरेगाव-एल्गार परिषद प्रकरणात अटक झाली २८ ऑगस्टला, आणि तीन दिवसांनी पोलिसांनीच पत्रकार परिषदेत पत्रं वाचून दाखवली.

सहसा न निघणारा एक मुद्दा: त्यांच्या माथी मारलेल्या पत्रात मराठी वळणाचे निदान १७ शब्दप्रयोग आहेत आणि बाई तर मराठीभाषक नाहीत, असा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयात झाला. न्या. चंद्रचूड यांनी भिन्नमताच्या निकालात त्याची नोंद घेतली, पोलिसांच्या माध्यमबाजीवर ताशेरेही ओढले. तरी एसआयटीकडून (विशेष तपास पथक) तपासाची मागणी २-१ ने फेटाळलीच गेली. जामिनावर बाहेर यायला डिसेंबर २०२१ उजाडला.