नुसतं टेन्शन आहे की डॉक्टरकडे जायलाच पाहिजे, कसं ओळखायचं?

मुलुंडची_मी
पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. वय ३६, फोर्टला बँकेत नोकरी, घरी नवरा, सासूबाई आणि चौथीतली मुलगी. तसं बघायला गेलं तर वाईट काहीच झालेलं नाही, म्हणून तर विचारतेय. गणपती झाल्यापासून कशातच मन लागत नाही. पहाटे साडेतीनला टक्क जाग येते आणि मग झोप नाही म्हणजे नाहीच. आमचा ट्रेनचा ग्रुप आहे, जाताना गप्पा आणि येताना सगळ्यांनी मिळून भाजी निवडायची, तर आता मी मुद्दाम दुसऱ्या डब्यात चढते कारण बोलायचंच जिवावर येतं, आणि मेथीची जुडी पिशवीतच पिवळी पडते. ऑफिसात एकच व्हाउचर परत परत तपासते तरी खात्री होत नाही. पण मी कामावर जाते, जेवते, मुलीचा अभ्यास घेते, रडत वगैरे नाही. नवरा म्हणतो जरा सुट्टी घे, सासूबाई म्हणतात दृष्ट लागलीय. एवढ्याशासाठी सायकियाट्रिस्टकडे जायचं का, की अजून वाढलं तर जायचं? आणि एकदा गेलं की गोळ्या कायमच्या मागे लागतात ना?

गिरगावचे_काका
ताई, मनाला फार लावून घेऊ नका. रोज सकाळी अर्धा तास चाला, संध्याकाळी नामस्मरण करा. आमच्या वेळी कोण जायचं डॉक्टरकडे? घरात चार माणसं होती बोलायला, तेच औषध.

ओपीडीवाली
मी एका महापालिका हॉस्पिटलात सायकियाट्री ओपीडीत सोशल वर्कर आहे. काका, चालणं आणि माणसांशी बोलणं याने फायदा होतो हे आम्हीही सांगतो, नामस्मरणाने कुणाला शांत वाटत असेल तर जरूर करावं. पण ताईंचं नेमकं तेच तुटलंय बघा, ज्या मैत्रिणींशी बोलून हलकं वाटायचं त्यांनाच त्या टाळतायत.

मुलुंडची_मी, तुम्ही विचारलंत अजून वाढलं तर जायचं का. माझं म्हणणं आत्ताच जा. सुतक, परीक्षा, ऑफिसची कटकट यात सगळ्यांनाच झोप लागत नाही, चिडचिड होते, आणि ते दिवस सरले की माणूस सावरतो. पण दोन आठवड्यांहून जास्त दिवस जवळजवळ रोजच मन उतरलेलं असेल किंवा आवडीच्या गोष्टींतला रस गेला असेल, जोडीला झोप, भूक, एकाग्रता यांची घडी विस्कटली असेल आणि रोजचं काम ओढूनताणून होत असेल, तर डिप्रेशन आहे का हे तपासून घ्यायला हवं. नेहमीपेक्षा फार लवकर जाग येणं हे आम्ही मुद्दाम विचारतो. आणि रडू आलंच पाहिजे असं काही नाही, कितीतरी जण येतात ते "काही वाटतच नाही" एवढंच सांगतात. कामावर जाताय म्हणजे सगळं ठीक आहे असंही धरू नका, पूर्वी जे सहज व्हायचं त्याला आता किती जोर लावावा लागतो ते बघा.

कारण सापडत नाही म्हणून थांबू नका. थायरॉइड कमी असलं, रक्त कमी असलं, बी-१२ कमी असलं तरी माणूस असाच मलूल होतो, म्हणून डॉक्टर बहुतेक या तपासण्या सांगतील. जवळचा फॅमिली डॉक्टर असेल तर तिथून सुरुवात केली तरी चालेल. आमच्याकडचं म्हणाल तर केईएम, नायर, सायन, कूपर, सगळीकडे सायकियाट्रीची ओपीडी आहे, फक्त केसपेपरच्या लाइनीसाठी सकाळी लवकर या. तुम्हाला ठाणं जवळ, तिथे मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींनी सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे.

एक सरळ विचारते, राग मानू नका. मरणाचे विचार येतात का?

घाटकोपर_स्लो
गोळ्यांबद्दल मी सांगतो, माझ्या मिसेसचं झालंय. डिप्रेशनच्या गोळ्यांची सवय लागते हे आमच्याही घरात सगळे म्हणत होते. डॉक्टरांनी नीट समजावलं की झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागू शकते, म्हणून त्या ते मोजक्या दिवसांसाठीच देतात, डिप्रेशनच्या रोजच्या गोळ्या वेगळ्या. त्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात, सुरुवातीला मळमळ झाली तिला, आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायच्या नाहीत, डॉक्टरच हळूहळू कमी करतात. सगळ्यांना गोळ्या देतातच असंही नाही, सौम्य असेल तर नुसत्या काउन्सेलिंगनेही भागतं. फक्त एक बघा, सायकियाट्रिस्ट हा एमबीबीएस करून पुढे शिकलेला डॉक्टर, औषध तोच देतो, सायकॉलॉजिस्ट बोलून उपचार करतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवतात त्यांची आरसीआयकडे (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, त्यांची नोंदणी ठेवणारी सरकारी संस्था) नोंदणी आहे का ते बिनधास्त विचारायचं, हल्ली इन्स्टावर कुणीही थेरपिस्ट होतंय.

मुलुंडची_मी
सगळ्यांचे खूप आभार. ओपीडीवाली ताई, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, स्वतःला काही करून घ्यायचं मनात येत नाही, पण कधीकधी वाटतं सकाळी जागच आली नाही तर बरं. हे नवऱ्यालासुद्धा बोललेले नाही. आणि ऑफिसात कळलं तर? प्रमोशनची यादी लागायचीय.

ओपीडीवाली
इथे बोललात हे फार बरं केलंत. हेच वाक्य डॉक्टरांसमोर जसंच्या तसं सांगा, गोड करून सांगू नका. अपॉइंटमेंट याच आठवड्यातली घ्या आणि आज रात्री मिस्टरांनाही सांगा. उद्या जर हा विचार "काहीतरी करावं" इकडे सरकला, कसं करायचं ते डोक्यात यायला लागलं, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, घरच्या कुणालातरी घेऊन मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत यायचं, रात्री दोन वाजले असले तरी. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आत्ताच सेव्ह करा, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

ऑफिसचं म्हणाल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुमच्या आजाराची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टर आणि हॉस्पिटलवर बंधनकारक आहे, ते तुमच्या बँकेला फोन करून कळवणार नाहीत. मेडिक्लेमवाल्यांनीही मानसिक आजाराला शरीराच्या आजारासारखंच धरायचं असं त्याच कायद्यात आहे, बाकी पॉलिसीच्या अटी बघून घ्या.

पहिल्या भेटीला मिस्टरांना सोबत न्या, पण थोडा वेळ डॉक्टरांशी एकटीने बोलायचंय असं सुरुवातीलाच सांगा, ते बाहेर बसायला सांगतील. झोप कधीपासून बिघडली, कुठल्या गोळ्या चालू आहेत, माहेरी कुणाला असा त्रास होता का, एवढं चिठ्ठीवर लिहून न्या, आत गेल्यावर आठवत नाही.