जुनी गाडी घेताना जास्त पैसे मोजले का, हे ठरवायचे कशावरून?

वाटसरू

दीड महिन्यापूर्वी मी एका डीलरकडून पाच वर्षे वापरलेली गाडी घेतली. गाडी चालवून पाहिली होती, कागदपत्रे तपासली होती, थोडी घासाघीसही केली होती, त्यामुळे व्यवहार झाला त्या दिवशी मी समाधानी होतो. पंधरा दिवसांनी मात्र त्याच मॉडेलची, त्याच वर्षाची आणि माझ्या गाडीपेक्षा सात-आठ हजार किलोमीटर कमी चाललेली गाडी एका जाहिरातीत दिसली. तिची किंमत मी मोजलेल्या रकमेपेक्षा आठव्या हिश्श्याने कमी होती. तेव्हापासून किल्ली फिरवली की पहिला विचार तोच येतो.

घरच्यांचे म्हणणे असे, की झालेल्या व्यवहाराचा काथ्याकूट करू नये. मला ते पटत नाही. नेमके काय चुकले ते कळले नाही, तर पुढच्या वेळीही तेच होईल. आणि त्यातले काही अजून दुरुस्त करता येण्यासारखे असेल, तर तीही संधी जाईल. डीलरने सव्वाशे मुद्द्यांच्या तपासणीचा कागद आणि सहा महिन्यांची वॉरंटी दिली आहे. किमतीच्या तीन चतुर्थांश रकमेचे पाच वर्षांचे कर्जही त्याच टेबलावर झाले. माझे आजचे मत असे, की मी जास्त पैसे दिले. पण 'जास्त' हे कशाच्या तुलनेत म्हणायचे, याचे समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही. आपली मते कारणांसह वाचायला आवडतील.

काटेकोर

वाटसरू, आपण ज्या आकड्याशी तुलना करत आहात तो मुळात व्यवहाराचा आकडा नाही. जाहिरातीत छापलेली किंमत ही विकणाऱ्याची मागणी असते. गाडी शेवटी कितीला गेली हे आपल्याला ठाऊक नाही, आणि ती गेली की नाही हेही ठाऊक नाही. शिवाय एक जाहिरात म्हणजे बाजार नव्हे. त्याच वर्षाच्या, त्याच व्हेरिएंटच्या, त्याच इंधनाच्या आणि तितक्याच मालकांच्या हातून गेलेल्या दहा-पंधरा गाड्या गोळा करा, त्या किलोमीटरच्या क्रमाने मांडा, आणि मग तीन-चार आठवडे त्यांच्यावर लक्ष ठेवा. ज्या जाहिराती आठवडाभरात नाहीशा होतात त्यांचा भाव बहुधा रास्त असतो. ज्या महिना उलटला तरी तशाच राहतात त्यांची मागणी बाजाराला मान्य नसते. यादीतली सर्वांत स्वस्त गाडी कधीच प्रमाण मानू नये, कारण ती स्वस्त असण्यामागे काही ना काही कारण असते आणि ते जाहिरातीत लिहिलेले नसते.

दुसरे असे, की ती जाहिरात कोणाची होती हे आपण लिहिलेले नाही. मालक स्वतः विकत असेल, तर त्याला जागेचे भाडे नाही, गाडी घेऊन ठेवण्यात अडकलेले भांडवल नाही, दुरुस्तीचा खर्च नाही आणि विकल्यावर वॉरंटीची जबाबदारीही नाही. डीलरच्या किमतीत हे सगळे असते आणि त्यावर त्याचा नफा असतो. म्हणून तुलना करायची ती डीलरच्या गाडीची डीलरच्या गाडीशी, आणि तीही खरेदीच्या आसपासच्या दिवसांतली. त्या किमतींच्या पट्ट्याच्या मध्याजवळ आपली रक्कम बसत असेल, तर आपण जास्त मोजलेले नाही असे मी ठामपणे म्हणेन. पंधरा दिवसांनी मिळालेली माहिती वापरून पंधरा दिवसांपूर्वीच्या निर्णयाला दोष देणे हा स्वतःवरच अन्याय आहे.

सावली

काटेकोर यांची पद्धत नीटनेटकी आहे, परंतु निष्कर्षाशी मी सहमत नाही. सगळेच डीलर चढ्या भावाने विकत असतील, तर त्या पट्ट्याचा मध्यही चढाच असणार. चार जणांनी जास्त पैसे दिले म्हणून पाचव्याचे जास्त पैसे रास्त ठरत नाहीत.

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 साली लिहिलेल्या ज्या निबंधाची पुढे फार चर्चा झाली, त्यातले उदाहरण जुन्या गाड्यांच्या बाजाराचेच होते. 2001 सालच्या अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ते याच कामामुळे ठरले. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा: गाडी कशी आहे हे विकणाऱ्याला माहीत असते आणि घेणाऱ्याला नसते, म्हणून घेणारा सरासरी गाडीइतकाच भाव द्यायला तयार होतो, त्या भावात चांगली गाडी विकणे परवडत नाही, म्हणून चांगल्या गाड्यांचे मालक मागे सरतात आणि बाजारात खराब गाड्यांचे प्रमाण वाढत जाते. वॉरंटीला आणि विक्रेत्याच्या लौकिकाला किंमत येते ती इथे. डीलरला आपण जे वरचे पैसे देतो ते आपले अज्ञान दूर करण्याचे आणि जोखीम त्याने स्वतःकडे घेण्याचे पैसे आहेत.

म्हणून माझ्या लेखी प्रश्न एवढाच आहे, की ते काम त्याने केले का? सव्वाशे चौकटींत एकाच पेनाने एका दमात केलेल्या बरोबरच्या खुणा म्हणजे तपासणी नव्हे. टायरची खोली किती मिलिमीटर, ब्रेक पॅड किती उरले आहेत, बॅटरी कोणत्या वर्षाची, असे आकडे त्या कागदावर आहेत का? वॉरंटीत इंजिन आणि गिअरबॉक्स येतात, की झिजणारे भाग वगळता वगळता काहीच उरत नाही? ही उत्तरे नकारार्थी असतील, तर बाजारभाव काहीही असो, वाटसरूंनी न मिळालेल्या गोष्टीचे पैसे दिले आहेत.

पाना

मी पंधरा वर्षे गॅरेजमध्ये काम करतो आहे. वरच्या दोन्ही प्रतिसादांत कागदांची चर्चा आहे. मी म्हणेन, गाडीजवळ जा.

प्रथम टायर पाहा. बाजूच्या भिंतीवर लांबट चौकटीत चार आकडे असतात. 3519 असे असेल, तर तो टायर 2019 सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात तयार झाला. चारही टायरचे आकडे एका कागदावर लिहा. मग खोली मोजा. नव्या टायरची खोली साधारण 8 मिलिमीटर असते आणि अनेक देशांत कायद्याने मान्य केलेली किमान मर्यादा 1.6 मिलिमीटर आहे. 3 च्या खाली आलेला टायर म्हणजे लवकरच येणारा खर्च. एकाच बाजूने घासला असेल, तर अलाइनमेंट किंवा सस्पेन्शनचे काम त्याच्या मागोमाग येते.

मग बॉनेट उघडा आणि फेंडरचे, म्हणजे पुढच्या चाकांवरच्या बाजूच्या पत्र्याचे, बोल्ट पाहा. बोल्टच्या कडांवरचा रंग उडालेला असेल, तर त्यावर पाना लागलेला आहे, म्हणजे तो पत्रा कधीतरी उतरवला होता. सगळ्या काचांवरचे उत्पादकाचे चिन्ह आणि वर्षाची खूण जुळते का ते पाहा. रंगाची जाडी मोजायचे यंत्र मिळाले तर उत्तम. कारखान्यातून आलेला रंग साधारण 100 ते 180 मायक्रॉनच्या दरम्यान असतो. तीनशेच्या पुढचा आकडा दिसला, तर तिथे पुन्हा रंगकाम झाले आहे, आणि त्याहून फार मोठा आकडा आला तर खाली पुट्टी आहे. ब्रेक-क्लचच्या पेडलवरचे रबर गुळगुळीत झाले असताना मीटर तीस हजार दाखवत असेल, तर मीटर मागे फिरवल्याचा संशय घ्यावा. आणि इंजिन आरशासारखे धुऊन दिले असेल, तर पाचशे किलोमीटर चालवून झाल्यावर खालून पुन्हा पाहा, कारण धुतल्याने तेलाच्या गळतीचे डाग निघतात, गळती तशीच राहते.

आता किमतीबद्दल. गेल्याच महिन्यात एक गृहस्थ मालकाकडून थेट घेतलेली गाडी घेऊन आले होते, बाजारभावापेक्षा बरीच स्वस्त मिळाली म्हणून आनंदात होते. क्लच प्लेट संपलेली, टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची हालचाल जुळवून ठेवणारा इंजिनातला पट्टा) मुदत उलटून गेलेला, पुढचे दोन्ही शॉक अॅब्सॉर्बर गळणारे आणि चारही टायर कडक झालेले. हे सगळे धरले तेव्हा त्यांची गाडी डीलरच्या गाडीपेक्षा महाग पडली. टायमिंग बेल्ट वेळेवर न बदलता तुटला, तर पुष्कळ इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात, आणि मग हिशेब करण्यासारखे काही राहत नाही. म्हणून गाडीची किंमत म्हणजे मोजलेली रक्कम आणि पहिल्या वर्षात तिच्यात घालावी लागणारी रक्कम यांची बेरीज. ती बेरीज हाती येईपर्यंत जास्त की कमी हे मी सांगू शकत नाही, आणि दुसऱ्या कोणी सांगितले तर मी मानणार नाही.

दीर्घपल्ला

एवढ्या खोलात जाण्याची गरज मला वाटत नाही. गाडी आठ-दहा वर्षे ठेवायची असेल, तर तो आठवा हिस्सा इतक्या वर्षांवर पसरतो आणि दर किलोमीटरला नगण्य उरतो. इंधन, विमा आणि देखभाल यांचा एकत्रित खर्च त्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. गाडी त्रास देत नसेल तर ती योग्य भावात मिळाली असे समजावे.

सावली

दीर्घपल्ला, रक्कम वर्षांवर पसरली म्हणून ती लहान होत नाही, फक्त दिसेनाशी होते. हप्त्याने विकणारा नेमका याच समजुतीवर विकतो. आणि नोकरी बदलली, कुटुंब वाढले, दोन वर्षांत गाडी काढावी लागली, तर तो आठवा हिस्सा एकदम समोर उभा राहील; पुढचा घेणारा तुमची मूळ खरेदी किंमत विचारणार नाही.

हिशेबनीस

हप्त्याचा उल्लेख निघाला म्हणून लिहितो. वाटसरू, आपण गाडीच्या किमतीकडे पाहत आहात, पण कर्जाचा कागद पाहिला आहे का? त्यावर व्याजदर 'फ्लॅट' लिहिला आहे की घटत्या शिल्लकीवर, म्हणजे दर महिन्याला उरलेल्या मुद्दलावर?

फ्लॅट म्हणजे संपूर्ण मुद्दलावर संपूर्ण मुदतीचे व्याज. दर शंभराच्या कर्जावर 10 टक्के फ्लॅट, पाच वर्षे, म्हणजे 50 व्याज, एकूण परतफेड 150 आणि महिन्याचा हप्ता अडीच. प्रत्यक्षात आपण दर महिन्याला मुद्दल फेडत असता, तरी व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या शंभरावरच चालू राहते. हाच हप्ता घटत्या शिल्लकीच्या भाषेत मांडला, तर व्याजदर सुमारे सव्वासतरा टक्के निघतो. घटत्या शिल्लकीवर खरोखरचे 10 टक्के असते, तर एकूण परतफेड साडेसत्तावीसने वाढून 127.5 झाली असती. कर्ज मिळवून देण्याबद्दल डीलरला अनेकदा कमिशन मिळते, म्हणून किमतीत घासाघीस करू देऊन ती रक्कम व्याजात वसूल करणे त्याला सहज जमते. गाडीच्या किमतीवर तासभर बोलणारा ग्राहक कर्जाच्या कागदावर पाच मिनिटांत सही करतो, हे मी स्वतः टेबलाच्या पलीकडे बसून पाहिले आहे.

काटेकोर

हिशेबनीस यांचे गणित बरोबर आहे, पण तुलनेसाठी घेतलेला 10 टक्क्यांचा दर कुठून आला? जुन्या गाडीच्या कर्जाला बँका सहसा नव्या गाडीपेक्षा जास्त दर लावतात. वाटसरूंना त्यांच्या बँकेने जो दर प्रत्यक्ष दिला असता, त्याच्याशीच तुलना व्हायला हवी. एरवी आपण पुन्हा एका जाहिरातीशी तुलना करू.

वाटसरू

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या आठवड्यात जे जे सुचवले गेले ते केले, त्याचा तपशील देतो.

काटेकोर यांच्या सांगण्याप्रमाणे डीलरांकडच्या बारा गाड्या मांडल्या. माझी रक्कम वरून चौथी आली. मध्यापेक्षा थोडी जास्त, पण पट्ट्याच्या आतच. ज्या जाहिरातीने झोप उडवली होती ती मालकाची होती. पाना यांच्या यादीप्रमाणे गाडी पाहिली. बोल्ट कोरे आहेत, काचा जुळतात. तीन टायर गाडीच्या वयाचे आणि चौथा, डावीकडचा मागचा, गाडीपेक्षा दोन वर्षे जुना निघाला, म्हणजे कोणीतरी दुसऱ्या गाडीचा काढून बसवलेला. तपासणीच्या कागदावर मात्र चारही टायरपुढे एकसारखी खूण आहे. सावली यांचा संशय तेवढ्यापुरता खरा ठरला.

कर्जाच्या कागदावर 10 टक्के फ्लॅटच आहे. मी दहा टक्के ऐकले आणि स्वस्त समजलो. माझ्या बँकेत विचारले, तेव्हा त्यांनी घटत्या शिल्लकीवर 12 टक्के सांगितले, म्हणजे दर शंभराला एकूण परतफेड सुमारे 133.5. फरक साडेसोळा, आणि कर्ज किमतीच्या तीन चतुर्थांश असल्यामुळे तो गाडीच्या किमतीच्या जवळजवळ आठव्या हिश्श्याइतका भरतो. जो आठवा हिस्सा मी जाहिरातीत शोधत होतो तो माझ्याच सहीखाली होता.

काटेकोर

म्हणजे गाडी रास्त भावात मिळाली आणि कर्ज महाग पडले. हे दोन वेगळे व्यवहार आहेत आणि वेगळेच मोजले पाहिजेत, नाहीतर पुढच्या वेळी आपण चांगल्या गाडीवर उगाच संशय घ्याल.

सावली

ते दोन व्यवहार एकाच टेबलावर, एकाच माणसाने, एकाच बैठकीत केले. घेणाऱ्याच्या खिशातून गेलेली रक्कम एकच आहे. डीलरकडे जास्त पैसे गेले का, या प्रश्नाला माझे उत्तर 'होय' असेच राहील.

हिशेबनीस

वाटसरू, बँकेकडे कर्ज हलवण्याआधी सध्याच्या कर्जदात्याकडून दोन गोष्टी लेखी घ्या: मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क किती, आणि उरलेले मुद्दल ते कोणत्या पद्धतीने काढणार. फ्लॅट कर्जात सुरुवातीच्या हप्त्यांतून व्याजच जास्त वळते केले, तर फेडायची शिल्लक आपल्या अंदाजापेक्षा मोठी निघू शकते. दोनच हप्ते गेले आहेत, म्हणून आत्ता हलवण्यात जितका लाभ आहे तितका वर्षभराने नसेल.

वाटसरू

दोन्हींबद्दलचे पत्र आज दिले. टायरचा फोटो आणि तपासणीच्या कागदाची प्रत जोडून डीलरलाही वेगळे पत्र दिले आहे आणि पोच घेतली आहे. उत्तरे आली की इथेच लिहीन.